करमअलीच्या खिशातला ओटीपी

यज्ञेश्वर कंट्रोलरांनी उभ्या नोकरीत कोणासाठी गाडी थांबवली नाही. श्रीवर्धन डेपोत ते वाहतूक नियंत्रक होते. समोर माइक असायचा, पण तो आपला शोभेला. माइक बंद असला तरी त्यांचा आवाज मच्छीमार्केटापर्यंत जायचा. धावत येणारा तहसीलदार असो की डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण, वेळ झाली की यज्ञेश्वर शिट्टी मारणार म्हणजे मारणार. लग्न नवं असताना गोदू माहेरी निघाली होती. हातात ट्रंक घेऊन ती स्टँडाच्या फाटकातून आत शिरते न शिरते तोच ह्यांनी तिच्या डोळ्यांदेखत म्हसळा गाडी सोडली. वर संध्याकाळी तिला म्हणाले, "नियम म्हणजे नियम." गोदूनं तेव्हापासून ही गोष्ट प्रत्येक हळदीकुंकवाला सांगितली आहे, आणि दरवेळी ती ट्रंक थोडी थोडी जड होत गेली आहे.

तर असा हा गृहस्थ त्या दिवशी सकाळी बोर्ली पंचतनातल्या सेवा केंद्रात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता आणि समोरच्या मुलीला विनवत होता, "बाळ, जरा थांब ना."

झालं होतं असं, की सकाळी पनवेलच्या इस्पितळातून फोन आला. गोदूच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. विहिरीपासून ओटीपर्यंत यायचं तर बाई दोनदा टेकायची. ऑपरेशनचं ठरलेलं होतं, बेड मिळत नव्हता. तो अचानक मिळाला. "उद्या दुपारपर्यंत पेशंटला घेऊन या," फोनवरची बाई म्हणाली, "आणि सत्तरीच्या वरच्यांचं ते सरकारी आरोग्य कार्ड काढून आणा. कार्ड नसेल तर बेड पुढच्या पेशंटला जाईल. मग तुमचा नंबर पावसाळ्यात." आणि डॉक्टरांनी तर मागच्या खेपेलाच यज्ञेश्वरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पावसाळ्यापर्यंत थांबायची डॉक्टर म्हणून आपली छाती होत नाही.

आता कोणी विचारेल, सत्तरी उलटून गेली, वाडीतल्या, म्हणजे पाखाडीतल्या, सगळ्या म्हाताऱ्यांची कार्डं निघाली, ह्यांचंच का राहिलं? तर त्याला कारण होतं, आणि ते कारण इतकं लाजिरवाणं होतं की यज्ञेश्वर ते स्वतःलासुद्धा सांगत नसत. गेल्या वर्षी कार्डांचं शिबिर त्यांच्याच पाखाडीत भरलं होतं, पण ते भरलं होतं शेजारच्या करमअलीच्या अंगणात. आणि करमअलीच्या अंगणात यज्ञेश्वर पाऊल ठेवत नसत.

करमअली आणि यज्ञेश्वर एका बाकावर बसून एकाच मास्तरांचा मार खाल्लेले. दोघांच्या घरांमध्ये एक दगडी गडगा आणि गडग्याला लागून यज्ञेश्वरांचा माड. बुंधा ह्यांच्या हद्दीत, शेंडा करमअलीच्या अंगणावर. माडाला हद्द शिकवणार कोण? करमअलीच्या मुलानं, आमिरनं, आखातातून पैसे पाठवले, करमअलीनं नवी गाडी घेतली, नेमकी त्या माडाखाली उभी केली, आणि चौथ्या दिवशी वरनं नारळ सुटला तो थेट पुढच्या काचेवर. करमअली गडग्याशी आला. "यज्ञू, माड तोड."

"माड माझ्या आजोबांनी लावलाय," यज्ञेश्वर म्हणाले. "तुझी गाडी परवा आली. गाडी हलव."

"तुझी यष्टी हाय काय, तू हलव म्हटलंस की हलवायला?"

बस, एवढंच. त्यानंतर दोघांची तोंडं बंद. जो आधी बोलेल तो हरला, असा दोघांचाही हिशेब. गाडी रस्त्यावर ताडपत्रीखाली गेली, माड होता तिथं राहिला, आणि दोन म्हातारे वर्षानुवर्षं एकमेकांकडे पाठ करून दात घासत राहिले. बायका मात्र असल्या भानगडीत पडल्या नाहीत. गोदू आणि करमअलीची जैबुन्निसा, दोघींच्या वाट्या गडग्यावरून रोज ये-जा करत. इकडून फणसाची सांदणं जायची, तिकडून ईदेला शीरखुर्मा यायचा. यज्ञेश्वर शीरखुर्मा वाटी पुसून खायचे आणि कुठून आला ते विचारायचे नाहीत. तत्त्वाचा प्रश्न होता.

शिबिराच्या दिवशी मात्र त्यांनी गोदूला बजावलं होतं, "आपल्याला कोणाच्या दारचं फुकटचं कार्ड नको." गोदू एरवी ऐकणाऱ्यातली नव्हे, पण त्या दिवशी ऐकलं. आणि आज यज्ञेश्वर तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते.

अशा वेळी पाखाडीत सल्ल्याला तोटा नसतो. पलीकडच्या घरातला अंबाजी पूर्वी ग्रामपंचायतीत मेंबर होता, आणि एकदा मेंबर झालेला माणूस मरेपर्यंत सल्ला देतो. "कंट्रोलरसाहेब, कागद पक्के पायजेत," त्यानं सकाळीच ओटीवर बसून सांगितलं. "रेशन कार्ड घ्या, सातबारा घ्या, उत्पन्नाचा दाखला घ्या, लग्नाची पत्रिका असली तर ती पन घ्या. सरकारला काय कवा लागंल सांगता येत न्हाय." यज्ञेश्वरांनी निवृत्तीच्या दिवशी मिळालेली कातडी बॅग काढली, तीत सगळं भरलं. लग्नाची पत्रिका खरंच सापडली. गोदूला रिक्षात बसवलं, अंबाजी आपल्या स्कूटरवर मागोमाग, अशी ही वरात केंद्रावर दाखल झाली.

केंद्र चालवणारी प्राप्ती नावाची मुलगी. कानात एक इअरफोन, समोर कॉम्प्युटर, मागं रांग. यज्ञेश्वरांनी बॅग उघडून एकेक कागद टेबलावर मांडला, पत्ते वाटल्यासारखा. तिनं बघितलंसुद्धा नाही. "काका, फक्त आधार."

"सातबारा..."

"नको."

"निदान माझी पेन्शनची ऑर्डर तरी बघून घे. त्यावर विभाग नियंत्रकांची सही आहे."

"काका, नको ना. काकू, अंगठा लावा."

आयुष्यभर दुसऱ्यांचे पास आणि सवलतीचे दाखले उलटसुलट करून बघितलेल्या माणसाचे सगळे कागद एका झटक्यात निकामी! यज्ञेश्वर ते बॅगेत परत भरत होते तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

गोदूनं अंगठा लावला. मशीन लाल झालं. दुसरा लावला. लाल. प्राप्तीनं तिचा हात उलटा करून बघितला. "काकू, हे काय लागलंय?"

गोदू ओशाळली. "फणसाचा चीक गं. उद्या जायचं तर म्हटलं दोन गरे काढून ठेवावेत. पिकलेला फणस असाच टाकून कसं जायचं?"

डॉक्टरांनी जिला पाण्याची कळशी उचलायची नाही म्हणून सांगितलं होतं, तिनं फोन आल्याबरोबर अख्खा फणस फोडला होता! यज्ञेश्वर ओरडणार होते, पण अंबाजी मध्ये पडला. "तेल लावा. चिकावर खोबऱ्याचं तेल. बाकी काय न्हाय." समोरच्या दुकानातून तेल आलं. चीक गेला, पण आता बोट मशीनवरनं घसरायला लागलं. अंबाजी म्हणाला राखेनं पुसा. पानाच्या टपरीवाल्याकडची उदबत्तीची राख आली. मग मशीनच्या काचेवर राख. प्राप्तीनं मशीन ओढून घेतलं आणि ते ओढणीनं पुसता पुसता अंबाजीला सांगितलं, की आता ते बाहेर बसले तर बरं होईल. अंबाजी दारापर्यंत गेला आणि तिथून सल्ला देऊ लागला.

मशीन स्वच्छ झालं, तरी उपयोग शून्य. वर्षानुवर्षं अडकित्त्यानं सुपारी कातरून कातरून गोदूच्या बोटांवरच्या रेघाच पुसून गेल्या होत्या.

"चेहऱ्यानं करू," प्राप्ती म्हणाली आणि मोबाइल गोदूच्या तोंडासमोर धरला. "काकू, डोळे मिचकवा."

गोदूनं डोळे मोठे केले.

"मिचकवा, मिचकवा."

"अगं, मिचकवतेय की."

"गोदू, हळू मिट," यज्ञेश्वर डेपोत गाडी मागं घ्यायच्या सुरात सांगू लागले. "येऊ दे, येऊ दे, बास! आता उघड!" रांगेतली माणसं हसली. गोदूही हसली, आणि हसता हसता तिला धाप लागली. मोबाइलनं सांगितलं, चेहरा जुळत नाही. आधारवरच्या फोटोतली बाई गोबऱ्या गालांची आणि चिडलेली होती. समोरची अर्ध्यावर आली होती. आपली बायको एवढी खंगली, हे यज्ञेश्वरांना त्या यंत्रानं सांगितलं तेव्हा कळलं.

"मग शेवटचा उपाय ओटीपी," प्राप्ती म्हणाली. "आधारला जोडलेल्या मोबाइलवर नंबर येईल तो मला सांगा." तिनं बटण दाबलं. "गेला. शेवटी त्र्याण्णव आहे."

यज्ञेश्वरांनी खिशातला फोन काढला. गोदूनंही उगीच पिशवीतला काढला. दोन्ही गप्प. दोन्हींच्या शेवटी त्र्याण्णव नव्हतं.

दारातून अंबाजी म्हणाला, "त्र्यान्नव? म्हंजे करमअलीचाच की!"

मग सगळ्यांना आठवलं. पाखाडीत आधारवाले पहिल्यांदा आले तेव्हा शाळेत टेबल मांडलं होतं, आणि मोबाइल नंबर विचारला की जो तो सांगे, "करमअलीचा घाला." अख्ख्या पाखाडीत मोबाइल त्याच्याकडेच होता ना! त्यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. पूर्वी कोणाचा मुंबईचा फोन आला तर तोही करमअलीकडेच यायचा, आणि तो दारात उभा राहून हाका मारायचा. सरकारनंही तसंच करावं, एवढीच सगळ्यांची अपेक्षा. आणि तेव्हा यज्ञेश्वर त्याच्याशी बोलतही होते.

"म्हणून तर शिबिर त्याच्या अंगनात ठेवलं व्हतं," अंबाजी आत सरकत म्हणाला. "सगल्यांचे मेसेज त्याच्या त्या जुन्या बटनाच्या फोनात. त्याच्याकडं नवा फोन हाय, पन हा टाकत न्हाय. म्हनतो, पाखाडीची मानसं अडतील. दर महिन्याला पदरचे पैसे भरून चालू ठेवतो. तुमच्या पेन्शनीचा मेसेज पन त्यातच येतो की."

यज्ञेश्वरांनी गोदूकडे बघितलं. गोदू छताच्या पंख्याकडे बघत होती.

"गोदू, माझा हयातीचा दाखला दरवर्षी कोणी..."

"जैबू गडग्यावरून नंबर सांगते, मी लिहून घेते, पाखाडीतली पोरं तुमचा फोटो काढून भरतात," गोदू म्हणाली. "तुम्ही कशाला विचारलंत कधी? पेन्शन येतेय ना?"

म्हणजे यज्ञेश्वर जिवंत आहेत, ही गोष्ट दरवर्षी सरकारला करमअलीच्या खिशातून कळत होती! त्यांनी नंबर बदलायची भाषा काढली. प्राप्तीनं सांगितलं, त्याला आधार केंद्रात जावं लागेल, श्रीवर्धनला, आणि बदल व्हायला दिवस लागतील. इस्पितळात गेल्यावर कार्ड काढलं तर? तिथंही ओटीपी त्याच नंबरावर. रांगेतल्या एका शहाण्यानं सुचवलं, की पेशंट न नेता नुसता नवरा ॲडमिट करा. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

गोदूनं जैबुन्निसाला फोन लावला. नुसताच वाजत राहिला. अंबाजीनं सुनेला घरी फोन केला, ती बघून आली. करमअलीच्या घराला कुलूप आणि आत जैबुन्निसाचा फोन वाजतोय. दोघं नवराबायको नुकतीच गाडी घेऊन निघाली होती. भाचीचं, अनमचं, मुरूडला लग्न. दिघीला फेरीबोटीवर गाडी चढवणार, आगरदांड्याला उतरणार, येणार ती परवा. करमअलीचा नवा फोन लावला, तो रेंजच्या बाहेर. जुना लावला, तो मजेत वाजत होता, पण तो उचलायचा नाही असा करमअलीचा नियमच होता. त्यावर फक्त मेसेज यायचे, वाजला तर कंपनीवाला.

"पहिला ओटीपी गेला वाया," प्राप्ती म्हणाली. "अजून एक-दोनदा चालेल. सारखा मागितला तर साइट लॉक. मग उद्याच."

आणि तेवढ्यात लाइट गेली. पंखा मंदावला. कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरनं सूर लावला. "काका, बॅटरी जुनी आहे," प्राप्ती म्हणाली. "जास्त वेळ नाही टिकणार."

यज्ञेश्वर उठले. बॅग गोदूच्या मांडीवर ठेवली. "तू इथंच बस. हलू नको. मी दिघीला जाऊन येतो."

"जाऊन काय करणार?" गोदूनं विचारलं. "तुम्ही तर त्याच्याशी बोलत नाही."

यज्ञेश्वर ऐकलं न ऐकलंसं करून बाहेर पडले.

समोर एसटी स्टँडवर दिघीची गाडी उभी होती, इंजिन चालू. नशीब म्हणायचं! यज्ञेश्वर धावत सुटले. धोतर असतं तर पडले असते, लेंगा होता म्हणून निभावलं. ते फाटकात पोचले आणि शिट्टी वाजली. गाडी हलली. "थांबव रे! थांबव!" ते ओरडले. गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत वळणावरून गेली. खिडकीतला नवा नियंत्रक, स्वराज नावाचा तरुण, त्यांना बघून उभा राहिला. कडक नमस्कार केला. "सर, तुम्ही? बघितलंत, वेळेवर सोडली. तुम्हीच आमच्या ट्रेनिंगला पाहुणे म्हणून येऊन सांगितलं होतंत, गाडी कोणासाठी थांबत नाही."

यज्ञेश्वर त्या रिकाम्या वळणाकडे बघत राहिले. ट्रंक घेतलेली गोदू अशीच उभी राहिली असेल का, असा विचार त्यांच्या मनात आला. तो कधीच यायला हवा होता.

मग उरली अंबाजीची स्कूटर. तिला आरसा नव्हता, ब्रेक होता, पण अंबाजीच्या मते तो जपून वापरायचा. खड्डा आला की अंबाजी मान मागं वळवून बोलायचा. "करमअलीला आदी सलाम करा. मग तब्येत इचारा. मग कामाचं काढा. एकदम ओटीपी म्हटलात तर मानूस बिथरतो."

"समोर बघ, अंबाजी!"

"आनि माडाचा इषय काढू नका."

दिघीच्या जेटीवर ते पोचले तेव्हा बोटीची फळी उचलली जात होती. साखळ्या खळखळल्या, फळी वर गेली, आणि बोट धक्क्यापासून हातभर सुटली. गाड्यांच्या ओळीपुढं कठड्याला टेकून करमअली उभा होता. पांढरा कुर्ता, वर जाकीट, लग्नाला निघालेला. त्यानं यज्ञेश्वरांना बघितलं. यज्ञेश्वरांनी त्याला बघितलं. करमअलीनं सवयीनं तोंड फिरवलं आणि समुद्र बघू लागला.

यज्ञेश्वरांनी मग, अबोला धरलेली माणसं करतात तेच केलं.

"अंबाजी," ते बोटीकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "त्या बोटीवरच्या गृहस्थांना सांग, त्यांच्या खिशातल्या फोनवर एक नंबर येणार आहे."

अंबाजीनं तोंडाशी हात धरून ओरडायचा प्रयत्न केला, पण स्कूटरवर बडबडून त्याचा आवाज बसला होता. तरी यज्ञेश्वरांचा मूळ आवाजच बोटीवर पोचला होता. करमअली समुद्राकडे बघत ओरडला, "अंबाजी, तुझ्या सायबाला सांग, काम ज्याचं त्यानं तोंड उघडावं!"

"अंबाजी, त्यांना सांग, तोंड उघडायची माझी तयारी आहे, पण प्रश्न तत्त्वाचा आहे!"

"अंबाजी, त्याला सांग, तत्त्व उकडून खा!"

मध्ये पाणी वाढत होतं. इंजिनाचा आवाज वाढत होता. यज्ञेश्वरांच्या खिशातला फोन वाजला.

"काका, इन्व्हर्टर टीं टीं करतोय," प्राप्ती घाईनं म्हणाली. "पाठवू का ओटीपी? हा शेवटचा हं. गेला तर गेला."

"थांब, बाळ, एक मिनिट थांब."

मग फोनवर गोदूचा आवाज आला. दमलेला, मध्येच तुटणारा. "अहो, राहू दे. उन्हात धावपळ करू नका. पावसाळ्यात जाऊ की. काही होत नाही मला. आणि त्याच्याशी भांडू नका."

काही होत नाही मला! यज्ञेश्वरांना तिचा श्वास ऐकू येत होता. विहिरीवरून येताना ओटीच्या पायरीवर टेकलेली गोदू त्यांना दिसली. पावसाळा दिसला, आणि त्या पावसाळ्यात रिकामी ओटी दिसली. ते घाबरले. इतके ते आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

"पाठव," ते प्राप्तीला म्हणाले. आणि मग छातीत होती नव्हती तेवढी हवा भरून त्यांनी जो आवाज काढला तो श्रीवर्धन डेपोनंही कधी ऐकला नव्हता.

"करमअली! अरे करम्या! माझं चुकलं! गोदूचं उद्या ऑपरेशन आहे रे! तिचा नंबर तुझ्या खिशात आलाय! वाच रे बाबा, वाच! तिला काही झालं तर मी काय करू?"

जेटीवर जाळी विणत बसलेले हात थांबले. बोटीवरची सगळी माणसं कठड्याला आली. करमअली गर्रकन वळला. "गोदूभाभीचं? उद्या? आनि तू ह्या सुक्कळीच्या अंबाजीला काय सांगत बसलायस इतका वेळ?" त्यानं जाकिटाचे खिसे चाचपले, रुमाल फेकला, अत्तराची बाटली निघाली, आणि शेवटी तो जुना फोन निघाला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "या अल्ला, चष्मा! जैबू, चष्मा कुठाय?"

"पेटीत," जैबुन्निसा गाडीतून उतरत ओरडली, "आनि पेटी डिकीत, आनि डिकीला चिकटून ट्रक उभा हाय! हटा, मला द्या!" तिनं फोन हिसकावला, बुरख्याची बाही सावरली आणि कठड्यावर वाकली. "गोदूला म्हनावं, घाबरू नकोस! घे! चार!"

"चार!" यज्ञेश्वर फोनमध्ये गरजले. तिकडं केंद्रात प्राप्तीनं फोन कानापासून लांब धरला असणार.

"शून्य!"

वाऱ्यानं आवाज अर्धा नेला, तर बोटीवरची माणसंच एका सुरात ओरडली, "शून्य!" टेम्पोवाले, लग्नाला निघालेली पोरं, बोटीवरचा तिकीटवाला, सगळे. कोणी एक पँट-शर्टातला प्रवासी तेवढा हात वर करून सांगत होता, "अहो, ओटीपी कोणालाही सांगू नये! त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं!"

"तू गप रे!" करमअली म्हणाला. "जैबू, पुढं!"

"सात! आनि दोन! मग परत सात!"

"परत सात!" अख्खी बोट.

"आनि शेवट नऊ!"

"नऊ!" यज्ञेश्वरांचा आवाज चिरकला. "प्राप्ती, नऊ! बाळ, नऊ!"

फोनवर काहीच नाही. नुसता इन्व्हर्टरचा टीं टीं. यज्ञेश्वरांनी डोळे मिटले. बोटीवरचे लोक ह्या म्हाताऱ्याकडे बघत राहिले. "फिरतंय, काका," प्राप्ती म्हणाली. "फिरतंय. अजून फिरतंय." करमअली लांबून हातानंच विचारत होता, काय झालं म्हणून. "थांबा... काकू, इकडे बघा, फोटो घेते... झालं! काका, झालं! कार्ड आलं! फक्त फोटोत काकू रडतायत. चालेल ना?"

"चालेल," यज्ञेश्वर म्हणाले. ते स्वतः मासळीच्या एका उलट्या टोपलीवर बसले होते आणि कधी बसले ते त्यांना माहीत नव्हतं. अंबाजीनं दोन्ही हात वर करून बोटीला खूण केली. बोटीवर टाळ्या पडल्या. आता बोट बरीच लांब गेली होती, पण करमअलीचा आवाजही काही कमी नव्हता.

"यज्ञू! तिला उद्या यष्टीनं नेऊ नकोस! सकालच्या पयल्या बोटीनं गाडी घेऊन येतो!"

"अरे, लग्न आहे ना तुझ्या भाचीचं?"

"निकाह आज रातचा! बिर्यानी खाऊन कोन थांबतो? तयार ऱ्हा!"

परतताना अंबाजी बसलेल्या आवाजातसुद्धा रस्ताभर सांगत होता, की सलाम आधी केला असता तर एवढं ओरडावं लागलं नसतं.

त्या संध्याकाळी पाखाडीनं एक चमत्कारिक गोष्ट बघितली. यज्ञेश्वरांनी नारळ पाडणाऱ्याला बोलावलं आणि गडग्याजवळच्या माडावर चढवलं. तो वरून ओरडला, "साहेब, तयार नारळ चारच हायत. बाकी शहाळी." यज्ञेश्वर खालून बसत चाललेल्या आवाजात म्हणाले, "सगळं उतरव. शेंड्यावर एक फळ ठेवू नको." तो म्हणाला, माडाचं नुकसान होईल. "होऊ दे," यज्ञेश्वर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी करमअलीची गाडी आली. सवयीनं तो रस्त्यावरच थांबला आणि हॉर्न दिला. यज्ञेश्वर पुढं झाले, करमअलीच्या अंगणाचं फाटक त्यांनी स्वतः उघडलं, आणि डेपोतल्यासारखा हात करत घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आत घे. येऊ दे, येऊ दे. तिथंच, गडग्यातल्या वाटेशी लाव. गोदूला चालायला कमी पडेल." करमअलीनं गाडी माडाखाली आणली, खाली उतरला आणि सवयीनं वर बघितलं. वर नुसत्या झावळ्या होत्या.

"शहाळीपन सोडली न्हाईस?"

"डिकी उघड," यज्ञेश्वर म्हणाले. "पेशंटला बरी असतात."

"एवढी? गोदूभाभीला प्यायला देनार की आंघोलीला?"

मागच्या सीटवर जैबुन्निसा उशी मांडून बसली होती. यज्ञेश्वरांनी कार्डाचा कागद खिशात तिसऱ्यांदा चाचपला. रस्ता लांबचा, ऊन चढायच्या आत घाट ओलांडलेला बरा, आणि दुपारच्या आत इस्पितळ गाठायचं. करमअलीनं इंजिन चालू केलं. गोदूचा अजून पत्ता नव्हता. ती दाराला कुलूप लावून, तुळशीला पाणी घालून, अंबाजीच्या सुनेला फणसाच्या गऱ्यांचं सांगून, पायरी पायरी टेकत येत होती.

"यज्ञू, टाइम झाला," करमअली हॉर्नवर हात ठेवून म्हणाला. "वाजवू काय?"

"नको," यज्ञेश्वर म्हणाले. "थांब."

ते गाडीचं दार उघडून, दांडीला धरून उभे राहिले. शेवटच्या पायरीवर गोदू श्वास घ्यायला टेकली. तिनं मान वर केली, समोर चालू इंजिनाची गाडी बघितली, दार धरून उभा असलेला नवरा बघितला, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"माझ्यासाठी थांबवलीत होय गाडी?"

यज्ञेश्वरांना उत्तर द्यायचं होतं, पण कालच्या ओरडण्यानं घसा पार बसला होता. त्या सगळ्या श्रीवर्धन डेपोभर घुमलेल्या आवाजातून कसेबसे दोनच शब्द निघाले.

"सावकाश ये."